माळखेड्याचं वर्तुळ

डॉ. कानिफनाथ वाबळे शिकायला अमेरिकेला गेले, तेव्हा विमानात बसण्याआधीच त्यांनी स्वतःला 'के. वाबळे' करून घेतलं होतं. मढीच्या नाथाला नवस बोलून आईनं ठेवलेलं नाव त्यांना जड झालं. पुढं बऱ्याच वर्षांनी ते नगरला परतले, तोवर जगात परंपरेला भाव आला होता. मग व्हिजिटिंग कार्डावर 'कानिफनाथ' पूर्ण अक्षरांत परत आला, सुटाच्या जागी खादीचा झब्बा आला आणि साहेब जातील तिथं बाजरीच्या भाकरीवर बोलू लागले. भाकरी त्यांना सोसत नसे. ॲसिडिटी व्हायची. घरी ते टोस्ट खात.

सावेडीला त्यांनी शाश्वत शेती आणि अन्नव्यवस्था यांचं एक अभ्यास केंद्र काढलं होतं. हॉलंडमधली एक संस्था त्याचा खर्च उचलायची. शहाण्णव साली तिथं त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांत प्रज्ञा भिंगारदिवे होती. राहुरीला एम.एस्सी. झालेली, हुशार, कमी बोलणारी. वडील भीमराज एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मूळ गाव नेवासे तालुक्यातलं, घोडेगावजवळचं माळखेडे.

या माळखेड्याच्या अभ्यासावरच वाबळ्यांचं नाव झालं होतं. केंद्राच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर एक आकृती लावलेली होती. मोठं वर्तुळ, त्यावर बाण. युरिया येण्याआधीचं गाव कसं स्वतःत पूर्ण होतं हे त्यात दाखवलेलं. शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्य निघे, ते बलुतेदारांकडं जाई, बलुतेदारांचं काम शेतकऱ्याकडं येई, जनावरांचं शेण रानात जाई. मेलेलं जनावरसुद्धा वाया जात नसे. वर्तुळाच्या तळाशी काड्यांचा एक माणूस काढला होता. तो दोरीनं बैल ओढत होता. खाली लिहिलं होतं, 'मृत पशूंचा पुनर्वापर'.

पहिल्या दिवशी वाबळ्यांनी हौसेनं आकृती समजावून सांगितली, तेव्हा प्रज्ञा त्या काड्यांच्या माणसाकडं बघत उभी राहिली. तो तिचा आजा होता. आसाराम भिंगारदिवे. माळखेड्यात मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांच्याच घराकडं होतं.

"कसं वाटलं?" वाबळ्यांनी विचारलं.

"स्वच्छ काढलंय," ती म्हणाली.

वाबळ्यांना ते कौतुक वाटलं. त्यांना कशातही कौतुक ऐकू यायचं.

प्रज्ञाला त्यांचा राग कधी आला नाही. राग यायला समोरच्या माणसात काहीतरी ऐवज असावा लागतो. तिला त्यांची किळस यायची, कढीत पडलेल्या पालीची येते तशी. तरी ती तिथं राहिली, कारण पीएच.डी.च्या कागदावर सही त्यांची लागणार होती आणि वर्कशॉपमध्ये वडील सगळ्यांना सांगून बसले होते की पोरगी डॉक्टर होतेय, सुईचा नाही, शेतीचा.

"माळखेड्यात तुम्हीच काम करा," वाबळे म्हणाले. "तुम्ही तिथल्या आहात. तुमच्या वस्तीतली दारं आम्हाला उघडत नाहीत."

ती का उघडत नाहीत, हा प्रश्न त्यांना पडलेला नव्हता.

माळखेड्यात प्रज्ञाची चुलती राहायची. चांगुणाबाई. प्रज्ञा तिला मोठी आई म्हणायची. नवरा वारल्यावर ती एकटीच भीमनगरात, रस्त्याच्या खालच्या अंगाच्या वस्तीत, दोन खोल्यांत राही आणि कांद्याच्या हंगामात रोजानं जाई. जुन्या काळी वस्तीत काय खात होते, कोण काय देत होतं, हे प्रज्ञानं विचारलं की चांगुणाबाई उठून काहीतरी निवडायला घ्यायची. बरेच दिवस असेच गेले. मग एका दुपारी दारात बसून लसूण सोलता सोलता ती आपण होऊन बोलली.

"माझं लगीन होऊन वरीस व्हायचं हुतं. तुझा आजा दीक्षा घेऊन आला. लिंबाखाली समदी वस्ती बसली. ठरलं, आजपून ढोर वढायचं न्हाई, खायचं न्हाई, बलुतं मागाया जायचं न्हाई. थोड्या दिसात पाटलाचा बैल मेला. सांगावा आला. तुझा आजा म्हन्ला, ज्याचा बैल त्यानं वढावा."

"मग?"

"मग काय? गिरनीवाला दळून दीना. दुकानदार मीठ दीना. रानात पाय टाकू दीनात. आमी जोंधळं भरडून, आळणी शिजवून खाल्लं. गडीमानसं कारखान्यावर निघून गेली, आमी बायका राह्यलो."

"आणि बैल?"

चांगुणाबाईचा चेहरा एकदम उजळला. "बैल फुगला. वाऱ्यासंगं वास गावात शिरला. शेवटाला वढला की त्यांनी! आप्पासाहेब तवा नुकता मिसरूड फुटलेला. नाकाला सोगा बांधून दोरी वढीत हुता आन् मधीच वकत हुता. आमी समद्याजनी कुडाआडून बघत हुतो."

हे आप्पासाहेब म्हणजे पाटलांचा मुलगा, आता गावचे पुढारी आणि वाबळ्यांचे 'आदर्श शाश्वत शेतकरी'. त्यांचा ऊस मुळा धरणाच्या पाटाच्या पाण्यात वर्षभर पाय बुडवून उभा असे. वाबळे येणार असले की विहिरीजवळच्या तुकड्यात शेणखताचे ढीग रचले जात आणि युरियाच्या गोण्या गोठ्यामागं जात. वाबळ्यांना गोठ्यामागं जायची कधी गरज वाटली नाही.

प्रज्ञानं वस्तीतल्या इतर म्हाताऱ्यांना विचारलं, गावातल्यांना विचारलं, शेजारच्या गावांत जाऊन ताडून पाहिलं. मग एक प्रकरण लिहिलं. वाबळ्यांच्या मते गावाचं वर्तुळ युरियानं मोडलं. प्रज्ञानं दाखवलं की युरियाची पहिली गोणी गावात यायच्या कितीतरी आधी ते माणसांनी मोडलं होतं, आणि मोडणारे तेच होते, ज्यांच्या पाठीवर ते फिरत होतं. त्या वर्तुळात काहीच वाया जात नव्हतं हे खरं. कारण जे वाया जाण्याच्या लायकीचं होतं, ते खायला माणसं नेमलेली होती.

वाबळ्यांनी प्रकरण वाचून तिला बोलावलं.

"सुंदर. वाचताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण थीसिसमध्ये हे नको."

"का, सर?"

"ही सोशल हिस्टरी झाली. आपण सिस्टीम बघतो. सिस्टीमला भावना नसतात. आणि हा आधार काय? कुणीतरी बाईनं सांगितलेली गोष्ट."

पानांवर त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीच्या तिरप्या रेघा मारल्या होत्या. 'पूर्वी आमच्या गावात कुणी उपाशी झोपत नव्हतं', हे आप्पासाहेबांचं वाक्य मात्र वाबळ्यांच्या प्रत्येक लेखात होतं. आप्पासाहेब बोलले की ती माहिती, चांगुणाबाई बोलली की ती गोष्ट. प्रज्ञानं पानं गोळा केली आणि बाहेर आली. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे त्यांना किंमत देणं झालं असतं.

डिसेंबरात हॉलंडहून फॅक्स आला. संस्थेचे पाहुणे जानेवारीत येणार होते. वाबळ्यांनी ठरवलं की आप्पासाहेबांच्या मळ्यावर पारंपरिक अन्नाचा मेळा भरवायचा. प्रत्येक समाजाचा एक स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर त्या समाजाचं जुनं अन्न.

"तुमच्या समाजाचा स्टॉल तुम्ही बघा," ते प्रज्ञाला म्हणाले.

"काय ठेवायचं त्यात?"

"चान्या."

मेलेल्या जनावराच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. प्रज्ञानं त्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. एकदाच, लहानपणी शाळेत एका मुलीनं तो तिच्या तोंडावर फेकला होता, आणि घरी येऊन तिनं अर्थ विचारला तेव्हा वडील जेवणाच्या ताटावरून उठले होते.

"प्रथिनांचा अप्रतिम साठा," वाबळे सांगत होते. "फ्रीज नाही, इंधन नाही. नुसतं ऊन. आज जगाला हे सांगायची गरज आहे."

"सर, तुम्ही खाणार?"

"माझा काय संबंध? आमच्या घरात तुळशीची माळ आहे."

हे सांगताना ते जराही अडखळले नाहीत. प्रज्ञानं स्टॉलला नकार दिला. वाबळ्यांना तो नकार ऐकू आला नाही. त्यांना वाटलं, पोरगी लाजते आहे. मग ते स्वतःच जीप घेऊन माळखेड्याला निघाले आणि वाट दाखवायला म्हणून तिलाही बरोबर घेतलं.

चांगुणाबाईनं त्यांच्यासाठी खुर्ची आणवली. स्वतः उंबऱ्यावर बसली. वाबळ्यांनी आधी वस्तीच्या स्वच्छतेची स्तुती केली, मग मुद्द्याला आले. चांगुणाबाईनं पूर्ण ऐकून घेतलं.

"आमच्यात आता कुनाला येत न्हाई ते," ती म्हणाली.

"तुमच्या पिढीला येत असेल की, बाई."

"येत हुतं. इसरलो. इसरायला लई कष्ट पडलेत साहेब, पुन्यांदा नका शिकवू."

"पण ही तुमची परंपरा आहे! तिची लाज कशाला वाटायला पाहिजे?"

"आमची?" चांगुणाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "ढोर तुमचं. मरायचं तुमच्या दारात. उचला म्हननारं त्वांड तुमचं. मंग परंपरा आमची कशी झाली? आमची सत्तावन साली चालू झाली."

प्रज्ञा वाबळ्यांकडं बघत होती. एवढं ऐकल्यावर माणसाच्या तोंडावर काहीतरी उमटतं. वाबळे खिशातून डायरी काढून शेवटचं वाक्य टिपून घेत होते.

चांगुणाबाईच्या शेजारणीनं चहा आणला. "चहा नको," वाबळे उठत म्हणाले, "मला ॲसिडिटी आहे." वस्तीतल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. तिथून जीप सरळ आप्पासाहेबांच्या वाड्यावर गेली आणि तिथं त्यांनी कपभर चहा घेतला, वर अर्धा कप आणखी मागितला.

मेळ्याच्या दिवशी मळ्यात कापडी मांडव घातला होता. उसाच्या बाजूला पडदे बांधले होते, म्हणजे ऊस दिसू नये. घोंगड्या, जाती, गाडग्या-मडक्यांच्या उतरंडी आणि प्रत्येक स्टॉलवर रंगवलेली पाटी. भीमनगरातून कुणी आलं नव्हतं. तरी 'बौद्ध (पूर्वीचे महार)' अशी पाटी असलेला स्टॉल रिकामा नव्हता. वर तारेवर मांसाच्या पट्ट्या टांगल्या होत्या, खाली चुलीवर पातेलं रटरटत होतं आणि पुढं नवं कोरं लुगडं नेसलेली एक बाई अवघडून बसली होती. लंकाबाई. ऊसतोडीला बीडकडून आलेली. ती कोण, कुठल्या समाजाची, हे कुणी विचारायची तसदी घेतली नव्हती. काळी होती, गरीब होती, तेवढं पुरलं.

पाहुण्यांसाठी दुभाषी प्रज्ञा होती. तिचं इंग्रजी चांगलं होतं हे एक कारण. दुसरं वाबळ्यांनी कुणालातरी फोनवर सांगताना तिनं ऐकलं होतं: "मुलगी त्याच समाजातली आहे. फार चांगलं इम्प्रेशन पडतं." आदल्या दिवसापर्यंत तिनं ठरवलं होतं की आजारी पडायचं. सकाळी उठल्यावर ती तयार झाली आणि आली. का आली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. आपल्यावाचून काय खोटं बोललं जाईल हे ऐकायला कुणीतरी असावं, असं काहीसं तिला वाटलं.

पाहुण्यांत मुख्य होती मार्लेन नावाची उंच, उन्हानं लाल झालेली बाई. आधी हुरडा झाला, मग माडगं, मग वेगवेगळ्या भाकरी. वाबळे प्रत्येक पदार्थापुढं उभं राहून डोळे मिटत आणि आईची आठवण काढत. आप्पासाहेब फेटा बांधून मागं मागं. शेवटी सगळे त्या स्टॉलपाशी आले. वाबळ्यांनी ऊन, प्रथिनं, काहीच वाया न जाणं, सगळं इंग्रजीत सांगितलं. मार्लेननं थोडं खाल्लं, मान हलवली आणि लंकाबाईकडं वळून विचारलं, तुमची आई हे कसं बनवायची?

प्रज्ञानं मराठीत विचारलं.

"मला काय म्हाईत, बाई?" लंकाबाई म्हणाली. "आप्पासाहेबांनी बसवलं, मी बसले. मटन त्यांच्या गड्यानं रांधलंय. बोकडाचं हाय. घोडेगावच्या बाजारातनं आनलंय."

प्रज्ञानं शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. बोकड, बाजार, बसवलं, सगळं.

मार्लेन थांबली. "मग हा स्टॉल ज्यांचा आहे, ते लोक कुठं आहेत?"

"त्याचं काय आहे..." वाबळे पुढं झाले.

"मी त्यांना विचारते आहे," मार्लेन प्रज्ञाकडं हात करून म्हणाली.

प्रज्ञानं सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात धडा वाचावा तसं. केंद्राच्या भिंतीवरच्या आकृतीतला माणूस माझा आजोबा. त्यानं आणि त्याच्या वस्तीनं हे काम सत्तावन साली सोडलं. हे खाणंही सोडलं. गावानं त्याबद्दल त्यांचं दळण आणि मीठ बंद केलं. त्यानंतर कुणी हे शिजवलेलं नाही, म्हणून आज ते इथं नाहीत. तुम्ही खाल्लं ते बोकडाचं मटण आहे, आणि डॉक्टर वाबळ्यांना हे सगळं माहीत आहे, कारण मी त्यांना लिहून दिलं होतं.

वाबळे हसले. त्यांचं ते हसणं प्रज्ञाला पुढं बरेच दिवस आठवत राहिलं. आत काहीच नसलेल्या डब्याचं झाकण वाजावं तसं. मार्लेन आप्पासाहेबांकडं वळली. "मग तुमच्या घरी जनावर मेलं तेव्हा कुणी ओढलं?"

प्रज्ञानं प्रश्न मराठीत केला.

आप्पासाहेब आधी वाबळ्यांकडं बघत राहिले, मग त्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. "ह्या गोऱ्या बाईला कुनी सांगितलं हे? आँ? पाव्हन्यांम्होरं गावाची अब्रू काढतीस व्हय गं? तवा तुमच्या म्हाताऱ्यांनी आमच्या वडलांना चार गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई. स्वतःच्या पोराला ढोर वढायला लावायची पाळी आनली. आन् आता तू आलीस शिकून!"

प्रज्ञानं तेही शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. मग ती बाजूला झाली. लंकाबाईनं हळूच विचारलं, "बाई, मी आता उठू का?"

"उठा," प्रज्ञा म्हणाली.

नगरला परतताना जीपमध्ये प्रज्ञानं मनात हिशेब मिटवून टाकला होता. काढून टाकतील. वडिलांना काय सांगायचं तेवढं ती जुळवत होती.

पण आठवड्याभरानं वाबळ्यांनी बोलावलं, ते हसतमुखानं. बैठकीच्या खोलीत केंद्राचा शिपाई पुंजाराम स्टुलावर चढून भिंतीवरची जुनी आकृती उतरवत होता. नवी टेबलावर पसरलेली होती. तेच वर्तुळ, तेच बाण. फक्त तळाच्या काड्यांच्या माणसानं दोरी टाकून दिली होती आणि एक हात वर केला होता.

"मार्लेनबाईंचा फॅक्स आला," वाबळे म्हणाले. "संपूर्ण दौऱ्यातला सगळ्यात मोलाचा भाग तुमचा, असं लिहिलंय. वंचित समाजाचा नकार आणि शाश्वतता. या विषयावर तीन वर्षांचा नवा प्रकल्प. तुमचं प्रकरण आता केंद्रस्थानी."

"त्यावर तुम्ही रेघा मारल्या होत्या."

"मी नको कुठं म्हणालो? मी म्हणालो, आत्ता नको." ते पुढं झुकले. "पेपर दोघांच्या नावानं काढू. माझं नाव आधी, म्हणजे वजन पडेल. आणि तुमच्या चुलतीची एक मुलाखत पाहिजे. टेपरेकॉर्डर मी देतो. ते सत्तावन सालचं वाक्य त्यांनी परत एकदा म्हणायला हवं, थोडं सावकाश."

हाकलून दिलं असतं तर प्रज्ञा डोकं वर करून निघाली असती. या गोष्टीची तयारी तिनं केली नव्हती. हा माणूस लाजत नव्हता, चिडत नव्हता. जे समोर येईल ते गिळून त्याचं खत करत होता. खरोखरच त्याच्या व्यवस्थेत काही वाया जात नव्हतं.

"सर, ते प्रकरण मी मागं घेते."

"म्हणजे?"

"थीसिसही. मला तुमच्याकडं करायचा नाही."

"अहो, इतक्या वर्षांचं काम! आणि का? आता तर सगळं तुमच्या मनासारखं होतंय."

"त्याला तुमचा हात लागायला नको म्हणून."

वाक्य कुठं लागलं ते वाबळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांची मान आणि कान लाल झाले. एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेली ती पहिली खरी गोष्ट. स्टुलावरच्या पुंजारामनं उगाच खोकून घेतलं.

वाबळ्यांनी पेपर तरीही लिहिला, आठवेल तसा. त्यात सत्तावनचं पासष्ट झालं आणि बैलाची म्हैस झाली. शेवटी 'एका स्थानिक सहायिकेचे' आभार होते. त्यावर त्यांना हॉलंडचं बोलावणं आलं आणि ते जाऊनही आले.

वडिलांना सांगताना प्रज्ञाला वाटलं होतं ते चिडतील. भीमराज हातातला पाना पुसत बसले. "सही दुसऱ्या कुनाची चालत न्हाई का?" त्यांनी विचारलं. "चालते, पण पहिल्यापासून सुरू करावं लागेल," ती म्हणाली. "मग कर की," ते म्हणाले आणि उठले. पण रात्री ते जेवले नाहीत, हे तिला आईकडून कळलं.

माळखेड्याला जायला तिला धीर होत नव्हता. आप्पासाहेबांनी भीमनगरातल्या बायकांना कांद्याच्या लागणीला बोलवणं बंद केलं होतं, असं कानावर आलं होतं. शेवटी एका रविवारी ती गेली. बायका दारादारात बसून होत्या. कुणी तिच्याशी वाकडं बोललं नाही, पण कुणी हाकही मारली नाही.

"तू बोललीस इंग्रजीत," चांगुणाबाई म्हणाली, "इथं मराठीत पोचलं."

"चुकलं का माझं, मोठी आई?"

"चुकलं न्हाई. पन तू बोलून नगरला गेलीस. आमी इथंच हाय. येवढं ध्यानात ठिव."

प्रज्ञानं मान खाली घातली. स्वतःबद्दलही तिला जरा तशीच किळस वाटली, जशी वाबळ्यांबद्दल वाटायची. ते तिला झोंबलं.

आप्पासाहेबांनी लांबच्या वाडीवरून टेम्पोनं बायका आणल्या होत्या. त्या काही दिवस आल्या, मग त्यांच्या स्वतःच्या गावात लागण सुरू झाली आणि टेम्पो रिकामा फिरू लागला. वाफ्यात रोप हातभर वाढून पिवळं पडायला लागलं. आप्पासाहेबांनी आपला मुकादम गोरक्ष याला दोनदा भीमनगरात पाठवलं. दोन्ही वेळेला चांगुणाबाईनं एकच उत्तर दिलं, "ज्याचं रान त्यानं यावं."

प्रज्ञा आली त्याच रविवारी दुपारी आप्पासाहेब स्वतः आले. राजदूत गाडीवर. वस्तीच्या तोंडाशी थांबले, पण गाडी बंद केली नाही, उतरलेही नाहीत. बायका जागच्या उठल्या नाहीत. ते तिथूनच ओरडले, "सकाळपून या रोपाला!"

"आवाजात ऐकू येत न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "गाडी बंद करा."

गाडी बंद झाली. आप्पासाहेबांची नजर प्रज्ञावर गेली आणि तिथून सरकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या वस्तीत ते गाडीच्या आवाजाशिवाय उभे होते, आणि तसे ते बरेच लहान दिसत होते. फेटा नव्हता, टक्कल घामानं चमकत होतं.

"सकाळी या रोप लावायला," ते पुन्हा म्हणाले, हळू.

"येऊ. पन पानी विहिरीवर जाऊन आमच्या हातानं घेनार. बांधावर कुनी वरून वतलेलं न्हाई. आन् दुपारी भाकरी खायला पडवीच्या सावलीत बसनार."

"बसा की. कोन नको म्हनलं हुतं?"

"कुनी न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "इचारायचंच कुनाच्या ध्यानात आलं नव्हतं."

ते गेल्यावर बायका हसल्या. मोठ्यानं नाही, पदर तोंडाला लावून. चांगुणाबाई प्रज्ञाकडं वळली. "तुला कामधंदा न्हाई म्हन्तीस. मंग ये उद्या रोप लावायला."

ती गेली. दुपारपर्यंत तिची कंबर मोडली आणि तिनं लावलेली ओळ सापासारखी वाकडी झाली. बायकांनी ती उपटून पुन्हा लावली आणि दिवसभर तिला 'डाक्टरीनबाई' म्हणून हाक मारली. जेवणाच्या वेळी सगळ्या पडवीत बसल्या. कुणी भाकरीवर लाल मिरचीचा ठेचा घेतला, कुणी नुसतं तेल-मीठ. आप्पासाहेबांच्या रानात बारा महिने भाजीपाला असायचा, आणि तो लावणाऱ्या बायकांच्या फडक्यात ठेचा होता.

जूनमध्ये प्रज्ञाला शेवगावच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम मिळालं, आणि पुण्याच्या एका गाइडबाईंकडं तिनं पहिल्यापासून नाव नोंदवलं. बाईंनी विषय विचारला. बागायत गावांत रोजानं जाणाऱ्या बायका दुपारी काय खातात, ती म्हणाली. बाईंनी चष्मा काढला, थोडा विचार केला आणि याला पैसे कोण देईल असं विचारलं.

"बहुतेक कुणी नाही," प्रज्ञा म्हणाली.

"मग सावकाश होईल," बाई म्हणाल्या आणि अर्ज पुढं सरकवला.